पिरी रईसचा नकाशा, आजोबांचं बंदर आणि समासातली टीप

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काही वेगळंच समजलं असेल तर लगेच कळेल. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्या मेहुण्यांनी १५१३ सालचा एक तुर्की नकाशा टाकला. त्यात तळाशी पूर्वेकडे वळलेला जो किनारा आहे तो अंटार्क्टिकाचा, आणि तोही बर्फाखाली न दबलेला, असं त्यांचं म्हणणं. पाचशे वर्षांपूर्वी ना गाड्या होत्या ना कारखाने, तरी तिथे बर्फ नव्हता. मग आज बर्फ वितळतोय म्हणून ओरडायचं कशाला, हा त्यांचा निष्कर्ष. तुम्हाला ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. त्यातच तुमच्याकडे वाशिष्ठीकाठच्या मूळ गावाचा, आजोबांच्या वेळचा एक नकाशा निघाला. त्यात गावाला लागून पाणी आणि बंदर दाखवलंय. आज तिथे चिखल आणि कांदळवन. मेहुणे म्हणाले, बघा, समुद्र तर मागे गेलाय. आता या दोन नकाशांचं करायचं काय, हे तुम्ही विचारलंत.

मी पुण्यात सत्तावीस वर्षं जुन्या नकाशांचं काम करते. फाटलेले नकाशे जोडणं, ते वाचणं, स्कॅन करणं आणि आजच्या नकाशावर अचूक बसवणं हा माझा रोजचा उद्योग. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. त्यामुळे बर्फ आणि समुद्राबद्दल जे सांगेन ते मोजमाप करणाऱ्यांनी मोजलेलं. नकाशांबद्दल जे सांगेन ते माझ्या टेबलावर पाहिलेलं. या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवते, तुम्हीही ठेवा.

तुम्ही विचारलंय, नकाशात काय दिसतं. त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: ती रेघ तिथे आली कशी? कुणी डोळ्यांनी पाहून काढली, साखळी टाकून मोजून काढली, दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवली, की जागा रिकामी दिसू नये म्हणून काढली? कागदावर चारही रेघा सारख्याच काळ्या दिसतात. नकाशा पुरावा म्हणून वापरणाऱ्यांचा पाय घसरतो तो बहुतेक वेळा इथेच.

आता पिरी रईस. हा ऑटोमन आरमारातला अनुभवी दर्यावर्दी, गेलिबोलूचा. त्याचा नकाशा १९२९ मध्ये इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात सापडला. आज जे उरलंय तो मूळ नकाशाचा पश्चिमेकडचा तुकडा आहे, कातड्यावर काढलेला. त्यावर ऑटोमन तुर्कीत बऱ्याच टिपा आहेत आणि त्यांतच बहुतेक उत्तरं आहेत. एका टिपेत त्याने आपली साधनं सांगितली आहेत: सुमारे वीस नकाशे, त्यांत टॉलेमी या प्राचीन भूगोलतज्ज्ञाच्या परंपरेतले, हिंदुस्थानचा एक अरबी नकाशा, पोर्तुगीजांचे चार आणि पश्चिमेकडच्या भागासाठी कोलंबसने काढलेला एक. म्हणजे हा एका माणसाने एका प्रवासात पाहिलेला किनारा नव्हे. वीस वेगवेगळ्या कागदांवरून, वेगवेगळ्या मापांवरून जुळवलेलं ते काम आहे. त्या काळासाठी ते थोर काम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जुळवलेल्या कामात सांधे असतात आणि सांध्यात चुका राहतात.

सगळ्यात महत्त्वाची टीप आहे ती नेमकी त्या वादग्रस्त दक्षिण किनाऱ्याजवळची. तिचा आशय असा: हा मुलूख ओसाड आहे, सगळं उद्ध्वस्त आहे, इथे मोठमोठे साप आहेत असं म्हणतात, म्हणून पोर्तुगीज या किनाऱ्यावर उतरले नाहीत, आणि हा भाग फार उष्ण आहे असंही म्हणतात. साप आणि उकाडा! नकाशा काढणारा स्वतः सांगतोय की ही जागा त्याच्या ऐकिवात गरम प्रदेश आहे आणि त्याला हे पोर्तुगीज खलाश्यांकडून कळलंय. दक्षिण अमेरिकेचा किनारा खाली येत असताना कातडं संपत आलं म्हणून तो वळवून घेतला, किंवा दक्षिणेला मोठी भूमी असणारच या जुन्या समजुतीने तो पूर्वेला ओढला, अशी दोन स्पष्टीकरणं अभ्यासक देतात. दोन्हींपैकी कोणतं बरोबर यावर मी पैज लावणार नाही. पण काढणाऱ्याने शेजारी लिहिलेला मजकूर सोडून फक्त रेघ उचलायची, हे मला मान्य नाही. न्यायालयात साक्षीदाराची अर्धी जबानी वाचून दाखवण्यासारखं ते आहे.

दुसरी गोष्ट कुणीही स्वतः तपासू शकतं. त्याच नकाशात कॅरिबियन बेटं पाहा. हिस्पानिओला, जिथे स्पॅनिश लोक वीस वर्षं राहत होते, ते बेट उत्तर-दक्षिण उभं काढलंय. प्रत्यक्षात ते पूर्व-पश्चिम आडवं आहे. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामध्ये ड्रेक पॅसेज नावाचा समुद्र आहे, जिथे तो सगळ्यात अरुंद आहे तिथेही सुमारे ८०० किलोमीटरचा. नकाशात तो नाहीच, किनारा अखंड आहे. ज्या नकाशात रोजच्या वहिवाटीचं बेट आडवं की उभं हे चुकलं आणि ८०० किलोमीटरचा समुद्र गायब झाला, त्याच नकाशात कुणी कधी न पाहिलेला, बर्फाखालचा किनारा मात्र बिनचूक आला, हे मानायला मला आधार सापडत नाही.

मग ही कल्पना आली कुठून? १९५६ च्या सुमारास आर्लिंग्टन मॅलरी या अमेरिकन गृहस्थांनी ती मांडली. पुढे चार्ल्स हॅपगुड या प्राध्यापकाने १९६६ मध्ये पुस्तक लिहून ती जगभर नेली. त्यात अमेरिकी हवाई दलाच्या एका अधिकाऱ्याचं १९६० चं पत्र छापलंय. नकाशाचा खालचा भाग अंटार्क्टिकातल्या क्वीन मॉड लँड या भागाच्या बर्फाखालच्या जमिनीशी जुळतो, असं त्यात म्हटलंय. आधार दिला होता १९४९ ते १९५२ या काळातल्या नॉर्वे, ब्रिटन आणि स्वीडन यांच्या संयुक्त मोहिमेचा. त्या मोहिमेने बर्फाची जाडी मोजली हे खरं. पण तेव्हाची मोजणी काही मोजक्या रेषांवरची होती. तिच्यावरून आख्खा किनारा उभा करून त्याची तुलना करणं शक्यच नव्हतं. शिवाय बर्फाच्या प्रचंड वजनाने खालची जमीन दबलेली आहे. बर्फ खरोखर नसता तर जमीन वर उचलली गेली असती, समुद्रही वर चढला असता आणि किनारा वेगळ्याच जागी पडला असता. आजच्या बर्फाखालचा आकार म्हणजे बर्फ नसतानाचा किनारा नव्हे. मेहुण्यांच्या फोटोवर बहुधा हेच पत्र चिकटवलेलं असेल, कारण तो फोटो असाच फिरतो.

योगायोगाने त्या भागाशी आपलाही संबंध आहे. भारताचं मैत्री केंद्र क्वीन मॉड लँडमध्येच आहे, १९८९ पासून. त्याआधीचं दक्षिण गंगोत्री केंद्र बर्फात गाडलं गेलं म्हणून सोडावं लागलं होतं. मैत्री उघड्या खडकावर उभं आहे आणि कुणी म्हणेल, बघा, तिथे खडक दिसतोय की. ते शिर्माकर ओॲसिस, म्हणजे बर्फाविना उघडी राहिलेली जागा, जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचं आहे, चहूकडे बर्फ. त्याच क्वीन मॉड लँडमध्ये युरोपीय संशोधकांनी बर्फात २,७७४ मीटर खोल छिद्र पाडून बर्फाचे दंड बाहेर काढले आणि त्यांत सुमारे दीड लाख वर्षांचा बर्फ थरावर थर सापडला. डोम सी नावाच्या जागी तर आठ लाख वर्षांचा. अंटार्क्टिकावर मोठी हिमचादर तयार व्हायला लागली ती सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी. पाचशे वर्षांपूर्वी तिथे बर्फ नसता तर हे थर कुठून आले असते? मेहुण्यांना एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा, कारण यात नकाशाच्या अर्थाबद्दल वादच उरत नाही.

असे आणखी नकाशे ते पाठवतील, त्यांची ओळख असू द्या. ओरोंस फिने या फ्रेंच गणितज्ञाच्या १५३१ च्या नकाशात दक्षिणेला मोठा भूखंड आहे आणि त्याचा आकार अंटार्क्टिकासारखा वाटतो. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की ही भूमी नुकतीच सापडली आहे, पण अजून पूर्ण माहीत नाही. मॅगेलनने १५२० मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाची सामुद्रधुनी पार केली तेव्हा दक्षिणेला जी जमीन दिसली, ती या अपेक्षित भूखंडाचंच टोक असणार असं सगळ्यांनी धरलं. उत्तरेत एवढी जमीन आहे तर तोलासाठी दक्षिणेतही हवी, हा विचार ग्रीकांपासून चालत आला होता. जेम्स कुकने १७७२ ते १७७५ च्या सफरीत दक्षिण समुद्र पालथा घातला तेव्हा तो अवाढव्य भूखंड नकाशांवरून पुसला गेला. खरी अंटार्क्टिका माणसाच्या नजरेस पडली १८२० मध्ये.

आणि मर्केटर. त्याच्या १५६९ च्या नकाशात उत्तर ध्रुवाभोवती चार मोठी बेटं आहेत, त्यांच्यामधून चार नद्या आत वाहतात आणि मधोमध चुंबकाचा काळा खडक उभा आहे. फिनेचा दक्षिण ध्रुव खरा मानायचा असेल तर मर्केटरचा उत्तर ध्रुवही खरा मानावा लागेल. दोघेही आपल्या काळातले अव्वल नकाशाकार होते आणि ध्रुवांबद्दल दोघांकडेही ऐकीव माहितीच होती. नकाशाकाराचं नाव मोठं आहे म्हणून त्याची प्रत्येक रेघ मोजलेली ठरत नाही.

अशा समजुतीने प्रत्यक्षात काय होऊ शकतं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट पेटरमान या नामांकित जर्मन भूगोलतज्ज्ञाचा ठाम विश्वास होता की ध्रुवाभोवती बर्फाचं कडं आहे आणि आत मोकळा समुद्र आहे. त्याच्या नकाशांनी हा विश्वास लोकांपर्यंत नेला. त्या भरवशावर १८७९ मध्ये जॅनेट हे जहाज निघालं. बर्फात अडकलं, जवळजवळ दोन वर्षं वाहत राहिलं आणि १८८१ मध्ये चिरडून बुडालं. ३३ जणांपैकी २० जण परतले नाहीत. आज कुणी ते नकाशे दाखवून ‘तेव्हा ध्रुवावर समुद्र मोकळा होता’ म्हणालं तर मला त्या वीस माणसांची आठवण येते. तो समुद्र मोकळा नव्हता हे त्यांनी आपला जीव देऊन तपासलंय.

नकाशा खोटाही असू शकतो, हेही मनात ठेवा. व्हिनलँडचा, म्हणजे व्हायकिंगांनी गाठलेल्या उत्तर अमेरिकेतल्या किनाऱ्याचा, मध्ययुगीन म्हणून गाजलेला नकाशा १९६५ मध्ये येल विद्यापीठाने जाहीर केला. त्यात ग्रीनलँड बेट म्हणून चक्क नीट दाखवलंय, म्हणजे मध्ययुगात त्याला वळसा घालता येत होता, म्हणजे तेव्हा बर्फ कमी होता, अशी साखळी लोकांनी जोडली. पुढे शाईत टायटॅनियमचं असं संयुग आढळलं जे १९२० च्या दशकापासूनच वापरात आलं. २०२१ मध्ये येलनेच तो बनावट असल्याचं जाहीर केलं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. मला त्यात जास्त रस आहे, कारण इथे नकाशा बनावट नाही, काढणारा थापाड्या नाही आणि तरीही चूक होऊ शकते. एक प्रसंग सांगते.

काही वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्यावर संशोधन करणारी एक मुलगी माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आली. एकोणिसाव्या शतकातली सर्वेक्षणाची एक शीट स्कॅन करून, तिच्यावरच्या अक्षांश-रेखांशांच्या आधारे तिने ती उपग्रहाच्या चित्रावर बसवली होती. शीटवरचा किनारा आजच्या किनाऱ्याच्या आत, जमिनीवर पडत होता, चार किलोमीटरहून जास्त आत. ती उत्साहात होती: दीडशे वर्षांत समुद्र इतका मागे हटला, आणि आजवर हे कुणीच कसं मांडलं नाही? मी तिला म्हटलं, समुद्र जरा बाजूला ठेव, एखादा किल्ला दाखव. तिने जयगड दाखवला. शीटवरचा जयगडही चार किलोमीटर पूर्वेला सरकला होता. मग एक टेकडी पाहिली, एक देऊळ पाहिलं. सगळं सारख्याच अंतराने, एकाच दिशेला. समुद्र मागे हटू शकतो. किल्ला, टेकडी आणि देऊळ त्याच्याबरोबर चालत जात नाहीत.

मूळ शीट मागवून घेतली, कापडावर डकवलेली, घड्यांवर झिजलेली. भिंग घेऊन खालच्या समासात पाहिलं तर अगदी बारीक अक्षरात एक टीप होती. रेखांश ग्रीनिचपासूनचे आहेत, पण मद्रास वेधशाळेचा रेखांश ८० अंश १७ मिनिटं २१ सेकंद पूर्व असा धरून काढलेले. तो आकडा पुढे दुरुस्त झाला. मद्रासचा रेखांश सुमारे २ मिनिटं २७ सेकंदांनी कमी निघाला आणि आपल्याकडचे सगळे रेखांश मद्रासवर टांगलेले असल्यामुळे ते सगळेच तेवढ्याने चुकलेले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही दुरुस्ती नकाशांत आली. आपल्या अक्षांशावर २ मिनिटं २७ सेकंद म्हणजे जवळपास सव्वाचार किलोमीटर. तिचा हटलेला समुद्र बरोबर तेवढाच होता.

तिच्या स्कॅनमध्ये ही टीप का नव्हती? कारण स्कॅन करताना नकाशा नीटनेटका दिसावा म्हणून समास कापला होता. तिची बुद्धी किंवा मेहनत कमी पडली नव्हती. मीही सुरुवातीच्या वर्षांत जुन्या टोपोशीट आजच्या जीपीएसच्या मापनपद्धतीवर तशाच बसवल्या होत्या आणि पुण्याच्या परिसरात शंभर मीटरहून जास्त फरक पडत राहिला, कारण जुन्या शीट एव्हरेस्टच्या लंबगोलावर, म्हणजे सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टने ठरवलेल्या पृथ्वीच्या गणिती आकारावर, आधारलेल्या असतात आणि जीपीएस दुसऱ्या आकारावर. तेव्हापासून माझा नियम ठरला: आधी समास वाचायचा, मग न हलणाऱ्या तीन-चार जागा जुळवायच्या आणि त्या जुळल्यावरच हलणाऱ्या गोष्टींकडे बघायचं.

एवढं करूनही किनाऱ्याची रेघ जपून वापरावी लागते. एक इंचाला एक मैल अशा नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर जवळपास ३२ मीटर जागा व्यापते. जगाच्या समुद्राची सरासरी पातळी १९०० पासून आजवर साधारण २० सेंटिमीटर वाढली आहे. शंभर मीटरला एक मीटर उताराच्या किनाऱ्यावर त्यामुळे पाणी आडवं २० मीटर आत येईल. म्हणजे आख्ख्या शतकाची वाढ रेघेच्या जाडीतच मावते. जुन्या नकाशात समुद्र वाढलेला दिसत नाही म्हणून तो वाढलाच नाही, असं म्हणता येत नाही; ते साधन इतकं बारीक मोजूच शकत नाही. तराजूवर पोहे मोजता येतात, केशराच्या दोन काड्या नाही.

त्यात भरती-ओहोटी. मुंबईला उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटीच्या पातळीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, खाली रत्नागिरीकडे तो कमी असतो. कुणाची रेघ भरतीची, कुणाची ओहोटीची, कुणाची मधल्या पातळीची. खाडीच्या सपाट चिखलावर या दोन रेघांमध्ये शेकडो मीटर अंतर असू शकतं. एका नकाशावरची भरतीरेषा दुसऱ्यावरच्या ओहोटीरेषेशी ताडून पाहिली तर समुद्र हवा तिकडे सरकवता येतो, पुढेही आणि मागेही.

समुद्राची पातळी ज्याने खरोखर मोजली जाते ते साधन वेगळं आहे. मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ पासूनची भरतीमापकाची नोंद आहे, जगातल्या जुन्या नोंदींपैकी एक. तिच्यावरून विसाव्या शतकात तिथली पातळी वर्षाला साधारण एक मिलिमीटरच्या आसपास वाढत गेल्याचं दिसतं. १९९३ पासून उपग्रह जगभरच्या समुद्राची पातळी मोजताहेत आणि तिथे वाढीचा वेग वर्षाला तीन मिलिमीटरच्या वर गेलाय. मेहुण्यांशी समुद्रावरून बोलायचं असेल तर या नोंदींवरून बोला.

मग तुमच्या गावचं बंदर गेलं कुठे? नकाशा न पाहता ठाम सांगणं चूक ठरेल, पण पहिला अंदाज गाळाचा. सह्याद्रीच्या उतारांवरची झाडी गेली, माती मोकळी झाली आणि दर पावसाळ्यात ती नद्यांतून खाली येऊन खाड्यांत बसली. एकेकाळी सावित्रीतून महाडपर्यंत गलबतं येत. तुमच्या वाशिष्ठीची कहाणीही बहुधा तशीच. पाणी उथळ झालं, चिखल साचला, चिखलावर कांदळवन आलं. समुद्राची पातळी वाढत असतानाही खाडी भरत जाऊ शकते, कारण गाळ समुद्रापेक्षा भराभर चढतो. दोन्ही एकाच वेळी खरं असतं आणि एकाने दुसरं खोडत नाही.

तुमचा नकाशा कुठल्या जातीचा आहे यावर मात्र बरंच अवलंबून आहे. महसुली मोजणीवरून काढलेला गावनकाशा असेल तर तो आकारणीसाठी केलेला असतो. त्यात पाण्याची रेघ म्हणजे सारा लागणारी जमीन जिथे संपते ती जागा. भरती कुठवर येते हे नोंदवणं त्याचं काम नव्हतं. खारजमिनीला बांध घातला असेल तर ती रेघ बांधाची असेल. सागरी नकाशा असेल तर तो जहाजांसाठी, त्यातले खोलीचे आकडे ओहोटीच्या खालच्या पातळीपासून मोजलेले आणि ते खरंच उपयोगी. आणि कुणी हाताने काढलेला, मोडी अक्षरातला असेल तर त्यात महत्त्वाचं ते मोठं असतं. पेशवेकालीन नकाशांत डोंगर समोरून पाहिल्यासारखे उभे असतात, किल्ला गावाहून मोठा असतो, प्रमाण नसतं. त्यांच्याकडे अंतर मागू नका. बंदर कुणाचं, जकातनाका कुठे, वाट कुठून, हे मागा. भरभरून देतात.

आपल्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. जुन्या नकाशांत पर्वतीच्या पायथ्याशी मोठं तळं दिसतं. कुणी परगावच्या माणसाने तो नकाशा आणि आजचं चित्र शेजारी ठेवलं तर तो म्हणेल, पाऊस कमी झाला, तळं आटलं. आपल्याला माहीत आहे, ते नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याचं पाणी अडवून केलेलं तळं होतं आणि पुढे ते बुजवून त्या जागी सारसबाग झाली. बागेतल्या देवळाला आजही जुनी माणसं तळ्यातला गणपती म्हणतात. ते तळं माणसाने केलं आणि माणसानेच घालवलं. मुंबईच्या सात बेटांचे नकाशे शेजारी ठेवून ‘समुद्र हटला’ म्हणणाऱ्यांचं असंच होतं. तिथे वेलार्ड, म्हणजे समुद्र अडवणारे बांध, बांधून आणि भराव घालून जमीन केली गेली.

इथे मला आपल्या बाजूच्या लोकांनाही काही सांगायचंय. तापमानवाढ खरी आहे हे मी मानते, कारण पुराव्यांचा डोंगर त्या बाजूला आहे. पण त्या बाजूचे लोकही नकाशे चुकीचे वाचतात. हिमालयातल्या काही जुन्या शीटवर हिमनद्या खऱ्याहून मोठ्या दिसतात, कारण मोजणीच्या वेळी पडलेला हंगामी बर्फ हिमनदीतच धरला गेला. ती शीट आजच्या उपग्रहचित्राशी ताडली की हिमनदी भयंकर आक्रसलेली दिसते. असा आकडा कुणी पाठवला तर मी तोही मान्य करत नाही. तो उद्या खोटा ठरला की खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो आणि मेहुण्यांसारख्या माणसाला बोट ठेवायला जागा मिळते.

आणि नीट वाचला तर नकाशा उत्तम साक्षीदार असतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या ऑडेन यांनी १९३५ मध्ये गंगोत्री हिमनदीच्या मुखाचा नकाशा मोजून काढला. कोणत्या वर्षी, कुणी, कशाने मोजलं, मुख नेमकं कुठे धरलं, सगळं नोंदलेलं. पुढच्या मोजण्या त्याच मुखापासून झाल्या. तेव्हापासून ते मुख किलोमीटरभराहून जास्त मागे सरकलंय. या नकाशाचं वय पिरी रईसच्या नकाशाच्या पाचव्या भागाएवढंही नाही आणि दिसायलाही तो साधा आहे. पण हवामानाच्या प्रश्नावर बोलायचा अधिकार त्याला आहे, कारण तो त्याच गोष्टीच्या मोजणीसाठी काढला गेला.

मेहुण्यांना उत्तर देताना ग्रुपवर देऊ नका, असं मी सुचवेन. चारचौघांत कुणी माघार घेत नाही. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा पिरी रईसची ती सापांची आणि उकाड्याची टीप त्यांना वाचून दाखवा आणि विचारा, हा माणूस कुठल्या जागेबद्दल बोलतोय असं तुम्हाला वाटतं? मग बर्फाच्या दंडांबद्दल सांगा. त्यांना जुन्या नकाशांची आवड आहे हे चांगलंच आहे. त्या आवडीला हात लावू नका. वाशिष्ठीचा नकाशा दोघांनी मिळून वाचा. गावातल्या ऐंशीच्या पुढच्या कुणाला तरी विचारा की होडी कुठवर लागायची, बांध कधी घातला, चिखल कधीपासून चढला. त्या माणसाच्या आठवणी आणि नकाशा शेजारी ठेवा. भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशाची जुनी प्रत मिळाली तर तीही.

राहिला तुमच्या नकाशाचा जीव. त्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. दोन्ही कागद खातात आणि काढताना शाई घेऊन येतात. गुंडाळी करकचून बांधू नका. मोठ्या पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवा, उन्हापासून आणि स्वयंपाकघराच्या वाफेपासून लांब. फोटो काढाल तो वरून सरळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. आणि फ्रेम करायची झाली तर फ्रेमवाल्याला आधीच बजावून सांगा की चारही बाजूंचे समास जसेच्या तसे राहू द्यायचे. मागची बाजूही पाहा. बऱ्याचदा तिथे पेन्सिलीने कुणीतरी साल, शीटचा क्रमांक किंवा गावाचं नाव लिहून ठेवलेलं असतं. त्या सगळ्याचे फोटो इथे टाकलेत तर पाण्याची ती रेघ कुठल्या जातीची आहे, हे मी पाहून सांगेन.